अरबी शब्द, त्याचा उलटा अर्थ आणि उंट

भाषाप्रेमींमध्ये एक जुनी गंमत फिरत असते: "प्रत्येक अरबी शब्दाला चार अर्थ. एक मूळ, एक त्याच्या बरोबर उलट, एक अश्लील आणि एक उंटाविषयी." इथवर हसून सोडून देता येतं. पण पुढे शेपूट जोडलेलं असतं, की जुन्या अरबी कोशकारांना शब्दशः अर्थ आणि लाक्षणिक अर्थ यांतला फरकच ठाऊक नव्हता.

आधी उलटा अर्थ. असे शब्द आहेत, त्यांना 'अज़्दाद' म्हणतात. बगदादच्या इब्न अल-अंबारीने (मृत्यू 940) त्यांच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. पण त्यात येतात ते काहीशे शब्द, आणि कोशांत धातू (ज्यांपासून शब्द बनतात ती मुळं) हजारोंनी आहेत. 'प्रत्येक' इथेच निकालात निघतं. शिवाय कित्येकांचं कारण साधं आहे. 'सलीम' म्हणजे सुखरूप. साप चावलेल्यालाही 'सलीम' म्हणत. का, ते कोशकार तिथल्या तिथे सांगतात: तो बरा व्हावा म्हणून शुभ बोलायचं. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, 'वाढवतात'. बांगडी फुटली तर ती 'वाढली'. आणि निघताना आपण 'येतो' म्हणतो. म्हणून मराठीत येणं म्हणजे जाणं, असं कोणी लिहिलं तर?

या शब्दांवरून अरबांना नावं ठेवणारे अंबारीच्या काळीही होते. त्यांना त्याने ग्रंथाच्या सुरुवातीलाच उत्तर दिलंय: बोलण्याचा आरंभ शेवटाशी बांधलेला असतो, एक भाग दुसऱ्याचा अर्थ पक्का करतो. हजार वर्षांपूर्वीचं उत्तर, आणि आपण अजून तोच प्रश्न फॉरवर्ड करतोय.

अश्लीलतेबद्दल एवढंच, की कोशकारांनी लोक बोलत ते नोंदवलं, सोवळं पाळलं नाही.

आता उंट. शब्द गोळा करायला हे विद्वान वाळवंटातल्या टोळ्यांकडे कान लावून बसत. तिथे उंट नसेल तर काय असेल? 'इक़ाल' म्हणजे उंटाचा पुढचा पाय दुमडून बांधायची दोरी. त्याच धातूचा 'अक़्ल': माणसाला आवरून धरते ती बुद्धी. आपली 'अक्कल' तिथूनच आली. 'त्याची दोरी त्याच्या खांद्यावर टाकली', म्हणजे उंटाला मोकाट सोडलं. माणसाबद्दल म्हटलं तर, वाटेल ते कर. आपण 'कासरा ढिला सोडला' म्हणतो तेव्हा समोर बैल उभा नसतोच.

राहिला शब्दशः आणि लाक्षणिक अर्थांच्या गोंधळाचा आरोप. 'लिसान अल-अरब' या मोठ्या कोशापुरता तो अर्धा मान्य. इब्न मंज़ूरने 1290 मध्ये पाच जुने ग्रंथ एकत्र करून तो पुरा केला. एकेका धातूखाली अर्थांचा ढीग असतो, वाचणाऱ्याची दमछाक होते. पण त्याच्या दीडशे वर्षं आधीच मध्य आशियातल्या ख्वारिज़्मच्या ज़मख़्शरीने (1075–1144) 'असास अल-बलाग़ा' हा कोश लिहिला होता. त्यात आधी शब्दशः वापर येतो, मग 'व मिनल् मजाज़', म्हणजे 'आणि लाक्षणिकांपैकी', असं म्हणून बाकीचे. शब्दशः अर्थाला त्यांची संज्ञा 'हक़ीक़ा'. मराठीत तिचीच हकीकत झाली. त्याच्याही आधीच्या अब्दुल क़ाहिर जुरजानीने तर या भेदाचं शास्त्रच मांडलं. 'मी सिंह पाहिला' असं शूर माणसाबद्दल म्हटलं, तर तिथे साम्य काम करतं. पण 'हात' हा शब्द 'उपकार' या अर्थी येतो तेव्हा साम्याचा संबंध नाही. उपकार हातून होतो, म्हणून. काव्यशास्त्र शिकलेल्यांना इथे गौणी (साम्यावरची) आणि शुद्धा (दुसऱ्या संबंधावरची) लक्षणा आठवेल.

ज़मख़्शरीच्या त्या नोंदी पुढे 'ताज अल-अरूस' या कोशात शिरल्या. तो लिहिणारा मुर्तज़ा ज़बीदी उत्तर प्रदेशातल्या बिलग्रामचा, कैरोत स्थायिक झालेला. त्याच ग्रंथाच्या आधारे एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने अरबी-इंग्रजी कोश रचला. 1863 पासून तो छापला जाऊ लागला, तेव्हा लाक्षणिक अर्थांपाशी लेनने खंजिराच्या आकाराच्या खुणा घातल्या. पानोपानी दिसतात त्या.