वॉटरप्रूफवाल्याची बादली

धुळ्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. वॉटरप्रूफिंगचं केमिकल, डांबरी शीट, भेगा बुजवायची पुट्टी, सगळं मिळतं. फक्त गिऱ्हाइकाने मान वर करू नये. 'गळतीला रामराम' ही पाटी जिथे टांगली आहे, बरोब्बर तिथेच छत गळतं.

इमारत पणजोबांची, 1913 सालची. चुन्याच्या भिंती, सागाच्या तुळया, वर मंगलोरी कौलं. वारसा यादीत नाव लागलं तेव्हा वडिलांनी पेढे वाटले. पेढे संपल्यावर कळलं, की माझ्या दुकानातला एकही डबा आता माझ्याच छताला लावायचा नाही.

परवानगीचा अर्ज जुलैत केला. तीन प्रती, टपकणाऱ्या थेंबांच्या फोटोंसकट. पाहणीला साहेब आले फेब्रुवारीत. वर बघून म्हणाले, "कोरडं तर आहे!" फेब्रुवारीत आमची पांझरा नदीसुद्धा कोरडी असते, छताचं काय घेऊन बसलात? हे मनात. तोंडाने चहा मागवला.

परवानगी आली एकदाची, मेअखेरीस. आबा गवंडी शिडीवर चढले. थेंब पडतो तिकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दहा फूट लांब, दोन उतार मिळतात त्या पन्हळीपाशी गेले. पाणी तिथे शिरतं, तुळईच्या पोटाला धरून चालत येतं आणि माझ्या गल्ल्यावर उतरतं.

"पानी कोनं ऐकस, भाऊ?" आबा म्हणाले आणि भिंत ठोकू लागले. आवाज पोकळ. तो सिमेंटचा गिलावा वीस वर्षांपूर्वी मीच हौसेने करवलेला, घाऊक भावात! चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटने ती आतच कोंडली. आता तो खरवडून चुना, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, गूळ, बेलफळाचं पाणी. चुना सावकाश धरतो. मुंग्या मात्र गुळाच्या पहिल्याच दिवशी हजर.

विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीला, 1884च्या सुमारास, आमच्याच पांझरेच्या पात्रातून नळ टाकून पाणी पलीकडे नेलं. मला ते फक्त कौलांच्या पलीकडे ठेवायचं होतं.

अर्धा गिलावा झाला आणि पाऊस आला. काल एक गिऱ्हाईक केमिकल घ्यायला आलं. डबा हातात घेतला, वर बघितलं, टप्प आवाज ऐकला, डबा ठेवला.

"ही बादली केवढ्याला?"

ओतून, पुसून दिली. खाली दुसरी लावली.