माकडं अजून का आहेत? उत्क्रांतीवरच्या एका व्हायरल संदेशाला उत्तर

उत्क्रांती खोटी आहे असं सांगणारा एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. माणूस माकडापासून झाला असेल तर माकडं अजून का आहेत? म्यूटेशनमुळे, म्हणजे डीएनएमधल्या बदलांमुळे, फक्त बिघाड होतो, नवी माहिती कधीच तयार होत नाही. डोळ्यासारखा अवयव योगायोगाने बनणं अशक्य आहे. मधल्या अवस्थांचे जीवाश्म सापडलेले नाहीत. निसर्गात सगळं अव्यवस्थेकडेच जातं. आणि शेवटी हुकमाचा एक्का: उत्क्रांती होताना कुणी पाहिली आहे का?

मी जीवशास्त्र शिकवते. हे प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलांवर मी कधी चिडत नाही, कारण प्रश्न म्हणून यातले बरेचसे चांगले आहेत. राग येतो तो ‘विज्ञानाकडे याचं उत्तर नाही’ या पुढच्या वाक्याचा. यातला प्रत्येक दावा तपासता येतो आणि तो तपासून झालेला आहे. कसा, ते एकेक मुद्दा घेऊन सांगते.

‘माकडं अजून का आहेत?’

आज दिसणाऱ्या कुठल्याही माकडापासून माणूस झाला, असं जीवशास्त्र म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा एक सामाईक पूर्वज होता. तो साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहत होता, आणि तो माणूसही नव्हता की चिंपांझीही नव्हता. आफ्रिका आणि आशियातली शेपटीवाली माकडं तर आणखी दूरची. त्यांची आणि आपली वाट सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. हे नातं आजोबा-नातवाचं नसून चुलत भावंडांचं आहे. आपला जन्म झाला म्हणून चुलत भाऊ नाहीसा होत नाही.

या प्रश्नामागे एक खोल रुजलेलं चित्र आहे: खाली जिवाणू, मग मासे, मग माकडं आणि सगळ्यात वर माणूस, आणि बाकीचे सगळे या शिडीवर मागे राहिलेले. तशी शिडी नाही. एखाद्या प्रजातीचा एक गट बाकीच्यांपासून तुटतो, दोन्हीकडे वेगवेगळे बदल साचत जातात, आणि पुरेसा काळ गेला की दोन प्रजाती होतात. दोन्ही गट आपापल्या जागी तगून असतील तर त्यातला एक संपायलाच हवा असं काही कारण नाही. चिंपांझीही आपल्याइतकीच लाखो वर्षं बदलत आला आहे. माणूस व्हायच्या वाटेवर तो कधी नव्हताच.

‘म्यूटेशनमुळे फक्त बिघाड होतो, नवी माहिती तयार होत नाही’

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. बाकीचे मुद्दे मागे पडले तरी संदेश पसरवणारे इथे ठाम उभे राहतात, म्हणून इथे जरा थांबू.

आधी बिघाडाचं बघू. प्रत्येक नवजात बाळाच्या डीएनएमध्ये आई-वडील दोघांकडेही नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. म्हणजे तुमच्यात आहेत, माझ्यातही आहेत. बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही. काही घातक असतात, यात शंका नाही. पण एखादा बदल चांगला की वाईट, हे पुष्कळदा परिस्थितीवर ठरतं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं उदाहरण घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका ठिकाणी डीएनएच्या ‘जीएजी’ या तीन अक्षरांच्या जागी ‘जीटीजी’ येतं. एवढ्या एका अक्षराने प्रथिनातल्या सहाव्या जागेवरचं ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) जाऊन व्हॅलिन हे दुसरं येतं. दोन्ही पालकांकडून हा बदल मिळाला तर गंभीर आजार होतो. एकाकडूनच मिळाला तर गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी हा संबंध दाखवला. जगाच्या नकाशावर हे जनुक मुख्यतः तिथेच जास्त आढळतं, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता. मलेरिया नसलेल्या ठिकाणी याच बदलाचा फायदा उरत नाही, फक्त तोटा उरतो.

आता नव्या माहितीकडे. जनुकाची नक्कल होताना कधीकधी एकाच्या दोन प्रती तयार होतात. एक प्रत मूळचं काम करत राहते, त्यामुळे दुसरीत बदल झाले तरी जिवाला धोका नसतो. त्या दुसऱ्या प्रतीला पुढे वेगळं काम मिळू शकतं. याचा नमुना हे वाक्य वाचणाऱ्या डोळ्यांतच आहे.

आपल्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यातल्या लाल आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही प्रथिनं ३६४ अमिनो आम्लांची, आणि त्यात जेमतेम १५ जागी फरक. रंगाच्या जाणिवेतला फरक तर मुख्यतः तीनच जागांमुळे पडतो. एका प्रथिनाचा प्रतिसाद ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या आसपास सर्वाधिक, दुसऱ्याचा ५३०च्या आसपास. अमेरिका खंडातल्या बहुतेक माकडांच्या एक्स गुणसूत्रावर असं एकच जनुक असतं. आफ्रिका-आशियातली माकडं, वानर (चिंपांझी, गोरिला यांच्यासारखे बिनशेपटीचे) आणि माणूस यांच्यात मात्र जोडी आहे. म्हणजे आपली शाखा अमेरिकेतल्या माकडांपासून फुटल्यावर एका जनुकाची दोन झाली आणि त्या दोघांत थोडा फरक पडत गेला. (हाउलर माकडं अमेरिकेतलीच, पण त्यांच्याकडे जोडी आहे. त्यांच्यात जनुकाचं हे दुप्पट होणं स्वतंत्रपणे घडलं.)

या घटनेची खूण अजूनही पुसलेली नाही. दोन्ही जनुकं शेजारी आणि इतकी सारखी असल्यामुळे, अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांची देवाणघेवाण होते तेव्हा ती चुकीच्या जोडीदारासमोर येतात. मग एखादं गळतं, किंवा अर्धं हे आणि अर्धं ते असं मिश्र जनुक तयार होतं. लाल-हिरवा रंगांधपणा बहुतांशी यातूनच येतो, आणि पुरुषांकडे एक्स गुणसूत्र एकच असल्यामुळे तो त्यांच्यात जास्त दिसतो. लाल आणि हिरवा वेगळा दिसणं ही नवी क्षमता आहे. ती जनुकाची एक जादा प्रत आणि थोडे अक्षरबदल यांतून आली.

हे सगळं भूतकाळातलं झालं असं कुणी म्हणेल, तर प्रयोगशाळेतलं सांगते. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूच्या १२ वसाहती वाढवायला सुरुवात केली. रोज थोडे जिवाणू ताज्या द्रावणात टाकायचे आणि दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. द्रावणात ग्लुकोज थोडंच, पण सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) भरपूर असतं. ऑक्सिजन असताना ई. कोलायला सायट्रेट खाता येत नाही. या जिवाणूची ती ओळखच आहे. ३१,५००व्या पिढीच्या सुमारास एका फ्लास्कमधलं द्रावण नेहमीपेक्षा खूप गढूळ झालं. त्यातल्या जिवाणूंना सायट्रेट खाता येऊ लागलं होतं. पुढे त्यांचा डीएनए वाचला तेव्हा कारण सापडलं: सायट्रेट पेशीत आणणाऱ्या जनुकाची जादा प्रत तयार झाली होती, आणि ती अशा एका नियंत्रक तुकड्याशेजारी जाऊन बसली होती जो ऑक्सिजन असतानाही चालू असतो. गोठवलेले जुने नमुने पुन्हा वाढवले, तेव्हा ही क्षमता २०,०००व्या पिढीनंतरच्या नमुन्यांतूनच पुन्हा उगवली. म्हणजे आधी साचलेल्या बदलांनी जमीन तयार केली होती.

यावर ‘ही खरी नवी माहिती नव्हे’ असं उत्तर येतं. मग खरी कुठली, हे आधी सांगायला हवं. त्याची मोजता येईल अशी व्याख्या मला आजवर एकाही संदेशात मिळालेली नाही.

‘डोळा योगायोगाने बनूच शकत नाही’

अगदी बरोबर, नुसत्या योगायोगाने तो बनूच शकत नाही, आणि तसं कुणी म्हणतही नाही. उत्क्रांतीत दोन गोष्टी आहेत. बदल कुठला होईल हे गरजेवर ठरत नाही, तो भाग योगायोगाचा. साल्वाडोर ल्युरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये ते फार सुंदर दाखवलं. त्यांनी जिवाणू अनेक वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले आणि मग त्यांच्यावर विषाणू सोडले. विषाणू समोर आल्यामुळे प्रतिकारशक्ती तयार होत असती, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच जिवाणू वाचले असते. प्रत्यक्षात बऱ्याच नळ्यांत एकही नाही किंवा मोजके, आणि एखाद्या नळीत मात्र ढीगभर. बदल विषाणू येण्याआधीच झाला होता. ज्या नळीत तो लवकर झाला, तिथे त्याची पिल्लावळ मोठी.

पण झालेल्या बदलांतला कुठला टिकेल, हे योगायोगावर नसतं. ज्याला थोडं बरं दिसतं त्याची पिल्लं थोडी जास्त जगतात, आणि पुढचा बदल त्या जगलेल्यांवर होतो. कोट्यवधी अक्षरं एकाच फटक्यात जुळून यायची अट संदेश लिहिणाऱ्याने घातली आहे, निसर्गाने नाही.

अर्धवट डोळ्याचा उपयोग काय, असंही विचारतात. असे डोळे घेऊन आजही प्राणी जगतात. लिंपेट नावाच्या शंखवर्गीय प्राण्याला प्रकाश जाणणाऱ्या पेशींचा नुसता खोलगट ठिपका असतो. प्लॅनेरिया या चपट्या कृमीला वाटीसारखा डोळा असतो, त्यामुळे उजेड कुठल्या बाजूने येतो ते कळतं. नॉटिलसच्या डोळ्यात भिंगच नाही, बारीक छिद्र आहे. १९९४ मध्ये निल्सन आणि पेल्गर या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला: दर टप्प्याला एक टक्का इतकाच बदल आणि निवडीचा जोर अगदी कमी धरला, तरी सपाट ठिपक्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत पोहोचायला चार लाखांपेक्षा कमी पिढ्या पुरतात. आपल्या डोळ्यात चेतातंतू दृष्टिपटलाच्या पुढून जातात आणि बाहेर पडताना पटलाला भोक पाडतात, म्हणून प्रत्येक डोळ्यात एक अंधबिंदू असतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागून जातात, त्याला अंधबिंदू नाही. त्याचा डोळा वेगळ्या वाटेने आला.

‘मधले दुवे नाहीत’

आर्किओप्टेरिक्सचा जीवाश्म १८६१ मध्ये जर्मनीत सापडला: पक्ष्यासारखी पिसं, पण जबड्यात दात आणि हाडांची लांब शेपटी. म्हणजे हा दावा खोटा ठरून दीडशेहून अधिक वर्षं झाली आहेत. पण मला जास्त सांगावंसं वाटतं ते मासे आणि पायांचे प्राणी यांच्यामधल्या टिकटालिकबद्दल, कारण तो शोधायला कुठे जायचं हे आधी ठरवलं होतं. पायांचे प्राणी सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळत होते, त्यांच्यासारखे मासे साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या. नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधल्या काळातले, नदीच्या गाळापासून बनलेले खडक नकाशावर शोधले आणि कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या एल्समीर बेटावर गेले. अनेक मोहिमांनंतर २००४ मध्ये सुमारे ३७.५ कोटी वर्षं जुना प्राणी सापडला. त्याला खवले आणि पर आहेत, पण मान आहे, डोकं मगरीसारखं चपटं आहे, आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं आहेत.

पुढे पोलंडमध्ये याहूनही जुने पायांचे ठसे मिळाले. त्यामुळे टिकटालिक आपला थेट पूर्वज नसावा, त्या मधल्या अवस्थेतला उशिरापर्यंत टिकलेला नातलग असावा. पण संदेशात म्हटलं आहे की अशी अवस्थाच नव्हती. ती होती.

‘निसर्गात सगळं अव्यवस्थेकडे जातं’

हा नियम बाहेरून ऊर्जा न मिळणाऱ्या बंदिस्त व्यवस्थेला लागू आहे. पृथ्वीला सूर्याकडून सतत ऊर्जा मिळते. नाहीतर बीजापासून झाडही झालं नसतं.

‘उत्क्रांती होताना कुणी पाहिली?’

लेन्स्कींचा फ्लास्क वर आलाच आहे. बाहेरच्या जगातलं पाहायचं तर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांमधल्या डाफ्ने मेजर या छोट्या बेटावर फिंच पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षं मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात मऊ बिया संपल्या, मोठ्या आणि टणक तेवढ्या उरल्या. तिथल्या मध्यम आकाराच्या फिंचांपैकी बहुतेक मेले. जगले त्यांच्यात जाड चोचीचे जास्त होते. पुढच्या पिढीची चोच सरासरीने अधिक जाड निघाली.

लाखो वर्षांपूर्वीचं डोळ्यांनी पाहता येत नाही, हे खरं. पण ते घडलं असेल तर काय सापडायला हवं, हे सांगता येतं. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या आहेत. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटानमध्ये २४. पूर्वज एकच असेल तर आपल्याकडे दोन गुणसूत्रं जोडली गेलेली असायला हवीत, कारण अख्खी जोडी गमावून प्राणी जगत नाही. गुणसूत्राच्या टोकांवर ‘टीटीएजीजीजी’ ही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. १९९१ मध्ये माणसाच्या दोन क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मधोमध हीच टोकाची अक्षरं समोरासमोर चिकटलेली सापडली. त्याच गुणसूत्रावर निकामी झालेल्या एका जादा मध्यबिंदूचेही (प्रत्येक गुणसूत्राला एकच असतो) अवशेष आहेत.

क जीवनसत्त्वाचंही तसंच. बहुतेक सस्तन प्राणी ते शरीरातच बनवतात. आपल्याला ते अन्नातून घ्यावं लागतं, कारण शेवटच्या टप्प्याचं विकर (एन्झाइम) बनवणारं जनुक आपल्यात मोडलेलं आहे. त्याचे तुकडे मात्र आपल्या डीएनएत पडून आहेत. वानरांत आणि माकडांतही हे जनुक मोडलेलं आहे, लेमर या आपल्या दूरच्या नातलगांत ते चालू आहे. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याच्या जनुकातला गळालेल्या भागांचा नमुना वेगळा आहे. आपल्यात जे भाग गळाले आहेत, तेच चिंपांझीतही गळाले आहेत. प्रत्येक प्रजाती स्वतंत्रपणे घडली असेल, तर एकच निकामी जनुक दोघांत सारख्याच जागी का मोडलं, याचं उत्तर त्या संदेशात कुठेच नाही.