लाखभर पिल्लं, पण आईबाप किती?

हॅचरीतून, म्हणजे मासे पैदा करून वाढवणाऱ्या केंद्रातून, नदीत लाखो सॅल्मन सोडल्याची बातमी आली की खाली अभिनंदनाचा पाऊस पडतो. सॅल्मन नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला परत नदीत येतात. त्या बातमीत एक आकडा मात्र हमखास गाळलेला असतो: ही पिल्लं किती नर-माद्यांची? सॉकाय जातीच्या एका मादीकडून दोन-अडीच हजार अंडी सहज मिळतात. म्हणजे लाखभर पिल्लं काढायला चाळीस-पन्नास माद्या पुरतात, आणि नर तर त्याहून कमी वापरले तरी भागतं. संख्या फुगते आणि गोतावळा आक्रसतो. हे दोन्ही एकाच वर्षी, एकाच टाकीत होऊ शकतं.

जुन्या हॅचऱ्यांत काय चालायचं बघा. पाच-सहा माद्यांची अंडी एका बादलीत काढायची, त्यावर चार-पाच नरांचं वीर्य पिळायचं, ढवळायचं, पाणी ओतायचं. दिसायला सगळ्यांना समान संधी. पण पाणी लागताच शुक्राणू जागे होतात आणि मिनिटभराच्या आत थकतात. अंड्यात शिरायला एकच सूक्ष्म छिद्र असतं, तेही अंडं पाणी पिऊन फुगलं की बंद होतं. या शर्यतीत ज्या नराचे शुक्राणू जरा चपळ, बहुतेक अंडी त्याच्याच वाट्याला जातात. वहीत बाप पाच, पोरं एक-दोघांचीच.

नीट करायचं तर प्रत्येक मादीची अंडी कोरड्या भांड्यात वेगळी काढावी लागतात. पाण्याचा थेंब आधी लागला तर छिद्र आधीच मिटायला लागतं. मग त्या अंड्यांचे दोन-तीन वाटे करायचे, प्रत्येक वाट्याला वेगळा नर द्यायचा, वीर्य सगळीकडे लागल्यावरच पाणी घालायचं, आणि अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसेपर्यंत प्रत्येक वाटा वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचा. त्यानंतर मेलेली पांढरी अंडी वेचून काढायची आणि प्रत्येक कुटुंबातून साधारण सारखीच अंडी पुढे न्यायची. ही शेवटची पायरीच सर्रास टाळली जाते, कारण तिच्यात चांगली अंडी बाजूला सारावी लागतात आणि उत्पादन कमी दिसतं. पण सगळ्या जोड्यांची पोरं सारखी ठेवली तर आहे त्याच आईबापांतून जवळजवळ दुप्पट काम होतं.

दुप्पट कशाच्या? प्रभावी संख्येच्या, म्हणजे वंश पुढे नेण्याच्या हिशेबात खरोखर धरावेत इतक्या आईबापांच्या. नर आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याची चौपट करा आणि एकूण माशांनी भागा. 50 नर आणि 50 माद्या असतील तर उत्तर 100. पण 10 नर आणि 90 माद्या असतील तर मासे तेच शंभर, उत्तर मात्र 36. दर पिढीला किती जनुकीय वैविध्य गळतं, तर एक भागिले या संख्येची दुप्पट. प्रभावी संख्या 50 असेल तर पिढीला 1 टक्का. 3 असेल तर जवळजवळ 17 टक्के. आणि गेलेलं जनुक पुढे कितीही पिल्लं काढली तरी परत येत नाही.

3 हा आकडा मनचा नाही. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात रेडफिश लेक आहे, समुद्रापासून सुमारे 1,450 किलोमीटर आत आणि साधारण 2,000 मीटर उंचीवर. तिथे पोचायला सॉकायला आठ धरणं ओलांडावी लागतात. 1991 साली तिथे चार मासे परतले: तीन नर, एक मादी. हिशेब करा, उत्तर 3 येतं. त्याच वर्षी हे मासे संकटग्रस्त जाहीर झाले. 1992 साली एकच नर आला. लोक त्याला लोन्सम लॅरी म्हणायचे. त्याचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर गोठवून ठेवलं आणि पुढे वापरलं. 1991 ते 1998 या आठ वर्षांत मिळून 16 मासे परतले.

तरीही वीस वर्षांनी तपासलं तेव्हा, टाकीत पैदाशीसाठी जपलेल्या मूळ साठ्यातलं सुमारे 95 टक्के जनुकीय वैविध्य शाबूत होतं. मला हे सॅल्मन-संवर्धनातलं सगळ्यात देखणं काम वाटतं, आणि त्यामागे कष्टाची हिशेबवही आहे. परतलेल्या सोळा माशांवरच न थांबता समुद्राकडे निघालेली पिल्लं आणि तळ्यातच राहणारे त्यांचे भाऊबंदही साठ्यात घेतले. प्रत्येक माशाच्या पोहण्याच्या पराचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत जातो, कोण कोणाचा किती जवळचा याचा तक्ता बनतो, आणि जवळच्या नात्यातली जोडी लावतच नाहीत. साठाही एका ठिकाणी ठेवत नाहीत. काही मासे आयडाहोत, काही वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे एका टाकीचा पंप बंद पडला किंवा रोग आला तर सगळा वंश जायला नको.

इतकं करूनही चुका झाल्याच. 2013 साली आयडाहोतल्याच स्प्रिंगफील्डला मोठी हॅचरी उभी राहिली. तिथलं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं; रेडफिशचं हलकं. जड पाण्यात वाढलेली पिल्लं थेट हलक्या पाण्यात सोडली आणि ती मोठ्या संख्येने मेली. मग त्यांना मधल्या जडपणाच्या पाण्यात काही काळ ठेवून सोडायला लागले. 2015 च्या उन्हाळ्यात कोलंबिया नदी इतकी तापली की स्वतःच्या बळावर रेडफिश लेकच्या सॉटूथ खोऱ्यात पोचले फक्त 56 मासे. टाकीत जपलेल्या जनुकांना नदीने वाट दिली नाही तर त्यांचं काय करायचं?

आणखी एक हिशेब, हॅचरीच्या समर्थकांनी जरूर करून बघावा असा. नदीत जंगली माशांची प्रभावी संख्या 200 आहे आणि हॅचरीतल्या आईबापांची 10. पुढच्या पिढीतली 90 टक्के पोरं हॅचरीची निघाली तर दोन्ही मिळून प्रभावी संख्या किती? 210 नाही. सुमारे 12. मदत म्हणून सोडलेल्या पिल्लांनी दोनशेंची पुंजी बुडवली. शिवाय टाकीत शिकारी नाही आणि दाणा वरून पडतो, त्यामुळे निवड भलत्याच गुणांची होते. ओरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेड या सॅल्मनच्या भाऊबंदावर 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बंदिवासातल्या दर पिढीमागे माशांची नदीतली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली दिसली.

हे फक्त परदेशातलं दुखणं नाही. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ज्याचं वर्णन 1839 साली झालं तो आपला खुद्रे महाशीर लोणावळ्यात वाढवून दूर कावेरीत सोडला गेला. तिथला मूळचा वशिंडाचा महाशीर आज अतिसंकटग्रस्त आहे आणि आपला मासा तिथे उपरा ठरलाय. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. कुठल्या नदीचा मासा कुठे, हा प्रश्न तेवढा विचारला गेला नाही.

सॅल्मनच्या बाबतीत वेळेचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच अंड्यांचा कोटा भरला की कामगार मोकळे होतात, उशिरा येणाऱ्या माशांना पैदाशीत जागाच उरत नाही, आणि काही पिढ्यांत सगळा कळप लवकर येऊ लागतो. त्यामुळे मासे हंगामभर, आवकीच्या प्रमाणात घ्यायला हवेत. लवकर वयात आलेले बुटके नरही टाकायचे नाहीत, कारण एका वर्षाच्या पिढीतली जनुकं दुसऱ्या वर्षाच्या पिढीत तेही नेतात. अलास्कातल्या ब्रिस्टल बेमध्ये सॉकायचे शेकडो वेगवेगळे कळप आहेत. 2010 च्या एका अभ्यासानुसार ते सगळे एकसारखे असते तर मासेमारी दहापट जास्त वेळा बंद ठेवावी लागली असती. सगळं शिवार एकाच वाणाचं पेरलं तर काय होतं हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनमधल्या क्लामथ नदीवरची चार धरणं पाडायचं काम 2024 साली पूर्ण झालं आणि काही आठवड्यांत शरदात येणारे चिनूक जातीचे सॅल्मन वर पोचले. आनंदच आहे. पण त्या नदीत वसंतात येणारे चिनूकही होते. ते अंगात चरबी साठवून येतात आणि वरच्या थंड डोहांत उन्हाळा काढतात. लवकर येणं हे मुख्यतः जनुकसंचातल्या एकाच भागावर ठरतं, आणि वरच्या क्लामथमधल्या जुन्या वस्त्यांत सापडलेल्या हाडांतही तेच रूप मिळालंय. धरणांनी डोह तोडले तसं ते रूप विरत गेलं. खालच्या सॅल्मन नदीसारख्या उपनद्यांत ते अजून थोड्या माशांत टिकून आहे. वरच्या खोऱ्याला ते परत हवं असेल तर ते तिथूनच किंवा तशाच एखाद्या ठिकाणाहून यावं लागेल. म्हणून सॅल्मन नदीत यंदा वसंतातले किती नर आणि किती माद्या आल्या, हा आकडा मला हॅचरीच्या लाखांपेक्षा मोलाचा वाटतो.