अमेरिकेतली प्रयोगशाळा, भारतीय विद्यार्थी आणि एक खोटारडा मेसेज

भाचीला अमेरिकेत पीएचडीला प्रवेश मिळालाय आणि ताईची झोप उडालीय, फॅमिली ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमुळे. त्यात म्हटलंय: निर्यात नियंत्रण कायद्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत घेत नाहीत, व्हिसासाठी तसं लिहून घेतात, पेपर छापू देत नाहीत आणि परदेशी मुलांना शिकवलं म्हणून एका प्राध्यापकाला तुरुंगात टाकलं.

आधी तुरुंगाचं घेते, कारण घाबरवायचं काम तेच वाक्य करतंय. प्राध्यापक खरे आहेत, टेनेसी विद्यापीठाचे जॉन रीस रॉथ. २००८ मध्ये ते दोषी ठरले, २००९ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पण ‘शिकवलं म्हणून’ हे धादांत खोटं आहे. त्यांचं काम हवाई दलाच्या कंत्राटावरचं होतं, ड्रोनसाठी प्लाझ्मा तंत्रज्ञानाचं, आणि त्यातल्या तांत्रिक माहितीवर निर्यातबंधन होतं, म्हणजे परवान्याशिवाय ती परदेशी माणसाला, अगदी अमेरिकेतल्या अमेरिकेतही, देता येत नव्हती. ती त्यांनी एका चिनी आणि एका इराणी विद्यार्थ्याला हाताळू दिली. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी बजावूनही कागदपत्रं घेऊन चीनला गेले. खटला त्यांच्यावर झाला, त्या विद्यार्थ्यांवर नाही. मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही!

पेपरचं तर नेमकं उलटं आहे. २१ सप्टेंबर १९८५ ला, ऐन शीतयुद्धात, रेगन सरकारने एनएसडीडी-१८९ हा निर्देश काढला: मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके खुले राहावेत, सुरक्षेसाठी रोखायचेच असतील तर रीतसर ‘गोपनीय’ ठरवूनच. २००१ च्या हल्ल्यांनंतरही तेव्हाच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार काँडोलीझा राइस यांनी हे धोरण कायम असल्याचं लेखी कळवलं. प्रकाशनासाठीच असलेल्या, कसलीही आडकाठी नसलेल्या मूलभूत संशोधनाच्या माहितीला निर्यात नियमांतून सूट असते. म्हणजे खुलेपणा हीच ही सूट मिळण्याची अट आहे.

व्हिसासाठी लिहून घेतात म्हणाल, तर निर्यात परवाना लागेल की नाही याचं ते निवेदन एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जात मालक देतो. विद्यार्थी व्हिसाशी त्याचा संबंध नाही.

आता मेसेजमधलं जेवढं खरं, तेवढं मान्य करते. संरक्षणाचे काही प्रकल्प फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात. छापायचं की नाही हे पैसे देणाऱ्याच्या हातात गेलं, की सूटही जाते. आणि सूट माहितीला आहे, वस्तूला नाही. प्रयोगशाळेतला सेन्सर न विचारता बॅगेत टाकून पुण्याला आणायचा नाही.

म्हणून भाचीने गाइडला एवढंच विचारावं: प्रकल्पाच्या करारात प्रकाशनावर किंवा नागरिकत्वावर बंधन आहे का? शंका राहिलीच तर विद्यापीठाच्या एक्स्पोर्ट कंट्रोल ऑफिसला मेल करावा. आणि ज्यांनी हा मेसेज ग्रुपवर टाकला, त्यांनी तो आजच्या आज काढावा.