‘आधी शब्द, नियमबियम नंतर’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

बँक भरतीच्या इंग्रजीचा सराव कसा करावा यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती आहे तशी देते: ‘मॅडम, शहरात बसून व्याकरणाचे धडे देणं सोपं असतं. मराठी माध्यमाच्या पोराला आधी शब्द पाहिजेत, नियमबियम नंतर. आमच्या बॅचकडून आम्ही 3000 शब्दांची यादी पाठ करून घेतो. इंग्रजी कटऑफपुरतं सोडवावं आणि सगळा जोर गणित-रिझनिंगवर द्यावा. संपादकीय वाचून कुणी पास होत नाही. आणि तुमच्या लेखात पॅरा जंबलचं एकही उदाहरण नाही.’

पहिल्या वाक्याबद्दल आधी बोलते, कारण ते मला लागलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. आज माझ्याकडे येणारी बहुतेक मुलंही तशाच शाळांतून आलेली असतात. मराठी माध्यमाच्या मुलाचं इंग्रजी कुठे अडतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. तुम्हाला माझी पद्धत पटत नसेल तर ती कुठे चुकते ते दाखवा, मी ऐकून घेईन. पण लिहिणारी व्यक्ती कुठे बसली आहे यावरून तिचं म्हणणं मोडीत काढायचं असेल, तर चर्चा करण्यात काही अर्थ उरत नाही. ‘नियमबियम’ हा शब्दही मला खटकला. शिक्षकच व्याकरणाला असं म्हणत असेल तर मुलं ते मनापासून शिकतील कशी?

पॅरा जंबलचं, म्हणजे विस्कटलेली वाक्यं योग्य क्रमाने लावायच्या प्रश्नाचं, उदाहरण द्यायला हवं होतं, हे मान्य. खाली दिलं आहे.

आता ‘आधी शब्द, नियम नंतर’ याकडे येते. माझा खरा विरोध या एका वाक्याला आहे, कारण मुलांचे महिनेच्या महिने यात जातात. एरर स्पॉटिंगचा, म्हणजे वाक्यातला चुकीचा तुकडा ओळखायचा, हा साधा प्रश्न बघा: ‘द क्वालिटी ऑफ द लोन्स / गिव्हन बाय रूरल बँक्स / हॅव इम्प्रूव्ह्ड / इन रीसेंट इयर्स / नो एरर’. यातला एकही शब्द तुमच्या यादीत नसेल, कारण सगळेच मुलाला आधीपासून माहीत आहेत. तरीही तो ‘नो एरर’वर टिचकी मारतो. ‘बँक्स हॅव’ कानाला बरोबर लागतं आणि कर्ता ‘क्वालिटी’ आहे, म्हणून ‘हॅज’ हवं, हे त्याच्या लक्षातच येत नाही. हा गुण शब्दांअभावी गेलेला नाही. ‘ऑफ’पासून ‘बँक्स’पर्यंतचा मजकूर मनात झाकायची सवय नव्हती, म्हणून गेला.

मराठी माध्यमाच्या मुलाच्या चुका ठरावीक असतात, कारण त्या मराठीतूनच येतात. ‘मी दोन वर्षांपासून या बँकेत काम करतो’ हे मराठीत बिनचूक आहे. तेच वाक्य ‘आय ॲम वर्किंग इन धिस बँक सिन्स टू इयर्स’ असं इंग्रजीत उतरतं आणि एका वाक्यात दोन चुका होतात. आपलं ‘पासून’ कालावधीलाही चालतं आणि सुरुवातीच्या क्षणालाही, शिवाय क्रियापद वर्तमानकाळीच राहतं. इंग्रजीत मोजलेला कालावधी असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’ आणि क्रियापद ‘हॅव बीन वर्किंग’. ‘जरी… तरी’ची जोडी तोंडात बसलेली असल्यामुळे ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ आला तरी मुलाला तो हवाच असल्यासारखा वाटतो. ‘तू येशील तर मी येईन’ या सवयीने ‘इफ यू विल कम’ खपून जातं. ‘योजनेबद्दल चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट द प्लॅन’, ‘तिच्याशी लग्न केलं’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’, ‘पेक्षा’ म्हणून ‘सुपीरियर दॅन’. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला यातलं बरंचसं नुसतं कानाने कळतं. आपल्या मुलाचा कान वेगळ्या भाषेवर तयार झालाय, त्यामुळे त्याला नियमाचाच आधार लागतो. म्हणजे ज्या मुलासाठी तुम्ही नियम मागे ढकलता, त्याच मुलाला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

म्हणून मी चूकवही ठेवायला सांगते. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासाठी एक ओळ: वाक्याचा चुकीचा तुकडा, मी काय निवडलं, ते मला बरोबर का वाटलं आणि योग्य रूप कोणतं. तिसरा रकाना मुलं गाळतात, आणि नेमका तोच कामाचा असतो. तिथे ‘पासूनमुळे’ किंवा ‘कर्ता लांब होता’ एवढं लिहिलं तरी पुरे. महिनाभरात तीच ती पाच-सहा कारणं पुन्हा पुन्हा येताना दिसतात आणि सराव कशाचा करायचा ते आपोआप ठरतं. वाक्य तपासायचा क्रमही ठरलेला हवा: आधी मुख्य क्रियापद, मग त्याचा कर्ता, मग काळ, मग नामाआधीचं आर्टिकल (‘अ’, ‘ॲन’, ‘द’), शेवटी प्रिपोझिशन (‘इन’, ‘फॉर’, ‘विथ’ असे शब्द). सुरुवातीला हे घड्याळ न लावता करायचं. क्रम हातात बसायच्या आधी घड्याळ लावलं की मूल पुन्हा कानावर विसंबतं. आणि पाचही पायऱ्यांत काही सापडलं नाही तर ‘नो एरर’ बिनधास्त निवडायचं. चूक असलीच पाहिजे या धसक्याने बरोबर तुकडा निवडणारी मुलंही कमी नाहीत.

आता तुमच्या यादीबद्दल. शब्द नकोत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. लेखात शब्दसंग्रहावर वेगळा भाग आहे, तो तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. प्रश्न आहे शब्द कसे शिकायचे याचा. क्लोज टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नात, ‘द गव्हर्नमेंट टुक स्टेप्स टु ___ इन्फ्लेशन’ अशी रिकामी जागा आहे आणि पर्याय आहेत कर्ब, अबॉलिश, डिसमिस, कॅन्सल, रिपील. यादी पाठ केलेल्या मुलाला पाचही शब्द येतात. पण त्यातल्या तीन-चारांपुढे यादीत ‘रद्द करणे’ असाच काहीसा अर्थ लिहिलेला असतो, आणि तिथे तो अडकतो. कुप्रथा अबॉलिश होते, कायदा रिपील होतो, सभा कॅन्सल होते, याचिका डिसमिस होते आणि महागाई कर्ब केली जाते. कोणता शब्द कोणाबरोबर येतो हे यादी सांगत नाही, आणि परीक्षेत तेच विचारतात. दिवसाला पन्नास अर्थ घोकण्यापेक्षा सहा शब्द त्यांच्या पूर्ण वाक्यांशासह वहीत लिहावेत, दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी मराठी बाजू झाकून पुन्हा बघावेत. आकडा लहान वाटेल, पण ते शब्द टिकतात.

हे वाक्यांश मिळवायचे कुठून? गावात इंग्रजी पेपर येत नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी एक उपाय सांगते. केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, आपली अनेक निवेदनं इंग्रजीसोबत मराठीतही संकेतस्थळावर देतं, आणि तीही फुकट. बँका, शेती, विमा अशा विषयांवरचं एक निवेदन आधी मराठीत वाचायचं. तासाभराने तेच इंग्रजीत, शब्दकोश न उघडता. मजकूर आधीच कळलेला असल्यामुळे मूल प्रत्येक शब्दाला ठेचकाळत नाही आणि वाक्य कसं बांधलंय याकडे त्याचं लक्ष जातं. त्यानंतर, अडलेल्या शब्दांपैकी जे दोनदा आले किंवा ज्यांच्यामुळे अर्थ थांबला, तेवढेच शोधायचे. या निवेदनांची भाषा सरकारी आणि लांबलचक असते, पण परीक्षेतले उताऱ्यांचे विषय बरेचदा याच वळणाचे असतात आणि लांब वाक्यात कर्ता शोधायचा सराव आयता होतो. महिना-दीड महिन्यानंतर वृत्तपत्रांतल्या लेखांकडे वळावं. पहिल्याच दिवशी अग्रलेख हातात दिला तर मूल आठवड्यात कंटाळतं. संपादकीयांबद्दल मी एवढंच म्हणाले होते, त्यावर आणखी वाद घालण्यासारखं काही नाही.

पॅरा जंबल. चार वाक्यं घ्या. ए: ‘सच डिलेज हर्ट स्मॉल फार्मर्स द मोस्ट.’ बी: ‘अ फार्मर्स कंपनी इन द डिस्ट्रिक्ट अप्लाइड फॉर अ लोन लास्ट जून.’ सी: ‘बाय देन, द सोइंग सीझन वॉज ओव्हर.’ डी: ‘द कंपनी, हाउएव्हर, रिसीव्ह्ड द मनी ओन्ली इन डिसेंबर.’ सुरुवात कोणाची ते आधी ठरवायचं. ‘सच’, ‘बाय देन’ आणि ‘हाउएव्हर’ या तिघांनाही मागे काहीतरी आधार लागतो, म्हणून बी पहिलं. मग जोड्या: बीमध्ये ‘अ कंपनी’, डीमध्ये ‘द कंपनी’. एखादी गोष्ट पहिल्यांदा ‘अ’ घेऊन येते आणि दुसऱ्यांदा ‘द’ घेऊन, त्यामुळे डी बीच्या मागे. ‘बाय देन’ डिसेंबरकडे बोट दाखवतं, म्हणून सी. शेवटी ए. उत्तर बी-डी-सी-ए. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे आपल्या मुलाला ‘अ’ आणि ‘द’ हे दुर्लक्ष करायचे बारके शब्द वाटतात, आणि इथे तर सगळी दोरी त्यांच्याच हातात आहे. बँकेच्या परीक्षेत एकाच जंबलवर चार-पाच प्रश्न असू शकतात. पहिलं वाक्य चुकलं की सगळेच धोक्यात येतात. म्हणून दीड-दोन मिनिटांत निदान दोन पक्क्या जोड्या सापडल्या नाहीत तर तो संच सोडून पुढे जायचं.

राहिला ‘कटऑफपुरतं’चा, म्हणजे पात्र ठरण्यापुरत्या किमान गुणांचंच इंग्रजी सोडवायचा, सल्ला. हा सल्ला देताना तुम्ही परीक्षेचा आराखडा डोळ्यासमोर ठेवलेला दिसत नाही. आयबीपीएस या बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या क्लार्क पूर्व परीक्षेत इंग्रजीचे 30, गणिताचे 35 आणि रिझनिंगचे 35 प्रश्न असतात, प्रत्येक विभागाला 20 मिनिटं वेगळी. इंग्रजीत वाचवलेला वेळ गणिताला देता येतच नाही. गणिताचा विभाग तेव्हा पडद्यावर बंद असतो. मग त्या 20 मिनिटांत मुलाने कटऑफपुरतं सोडवून बसून राहायचं का? मुख्य परीक्षेसाठी निवड होते ती तिन्ही विभागांच्या बेरजेवर. त्या मुख्य परीक्षेतही 200 पैकी 40 गुण इंग्रजीचे आहेत, आणि क्लार्कच्या पदाला मुलाखत नाही. घरी अभ्यासाचे तास कसे वाटायचे हा मुद्दा वेगळा, त्यावर बोलू शकतो. पण गणिताचा एक गुण मिळवायला जितकी आकडेमोड लागते, तितक्या वेळात रिकाम्या जागांचे दोन गुण हातात येतात.

20 मिनिटांत 30 प्रश्न म्हणजे प्रश्नाला 40 सेकंद. रिकाम्या जागा आणि एरर स्पॉटिंग पहिल्या सात मिनिटांत, क्लोज टेस्टला तीन, जंबलला तीन आणि उताऱ्याला उरलेली सात. उताऱ्यातले समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न आधी, कारण ती ओळ शोधली की काम होतं. मग बाकीचे. जे विधान जगात खरं आहे पण उताऱ्यात नाही, ते उत्तर नसतं. माहितगार मुलं इथे फसतात. ‘ओन्ली’, ‘ऑल्वेज’, ‘ऑल’ असलेला पर्याय निवडण्याआधी उताऱ्यात तितकं ठाम म्हटलंय का ते बघायचं. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. पाच पर्यायांत डोळे झाकून ठोकलं तर सरासरीने हाती शून्य येतं, दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर तीनांतून निवडणं फायद्याचं ठरतं. आणि हा सराव पडद्यावर करा. कागदावर पेन्सिलने खुणा करायची सवय लागली की संगणकासमोर हात रिकामे पडतात.

तुमच्या बॅचसाठी एक सुचवते. यादी आठवडाभर बाजूला ठेवा. मुलांच्या शेवटच्या पाच चाचण्यांतले इंग्रजीचे चुकलेले प्रश्न काढा आणि त्यांचे चार गट करा: शब्दाचा अर्थच माहीत नव्हता, अर्थ माहीत होता पण तो कुठे वापरतात ते नाही, व्याकरण चुकलं, वेळ संपला किंवा अंदाजाने ठोकलं. पहिला गट सगळ्यात मोठा निघाला तर यादी चालू ठेवा आणि आकडे इथेच खाली लिहा. नाही निघाला तरी लिहा.