टाळ्या वाजवणारं कोर्ट

विषय निघाला एमडी या ड्रगच्या एका बातमीवरून. बापट लगेच सुरू, "पोकळ बांबूचे फटके द्या!" डासांपासून डबल पार्किंगपर्यंत त्यांचा एकच इलाज.

मिल्याचा भाऊ न्यू जर्सीत, त्यामुळे अमेरिकेचं खातं त्याच्याकडे. "तिकडे नशेच्या केसेसना वेगळं कोर्ट असतं. पहिलं १९८९ मध्ये मायामीत निघालं. जज सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी समोर बोलावतो. लघवीची तपासणी कधी होईल ते आधी कळत नाही. नीट राहिलास तर जज स्वतः टाळ्या वाजवतो, मागोमाग सगळं कोर्ट. काही ठिकाणी काचेच्या भांड्यातून चिठ्ठी काढायची, बक्षीस मिळतं."

"वा! गर्दुल्ल्यांचं हळदीकुंकू!" बापट. "वाण काय देतात?"

"आणि चुकला तर?" नंदू.

"निबंध लिहा, साफसफाई करा, नाहीतर दिवसभर ज्युरीच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या केसेस ऐका. तरी नाहीच सुधारला तर दोन-चार दिवस आत. घसरलो म्हणून आपणहून सांगितलंस तर उपचार वाढवतात, खोटं बोललास तर मात्र शिक्षा. कोर्स पुरा केला की बऱ्याच ठिकाणी गुन्हाच काढून टाकतात."

"दोन-चार दिवसांनी काय होतंय!"

इतका वेळ गप्प असलेला सुन्या बोलला. त्याला दारू सोडून सहा वर्षं झाली. "बापट, आमचे बाबा म्हणायचे, एक दिवस लिव्हर जाईल. हा एक दिवस कधी उगवतो? संध्याकाळचे सात मात्र रोज वाजतात. शिक्षा छोटी चालेल, पण उद्याच्या उद्या पाहिजे. आपल्याकडे निकाल लागेपर्यंत पोराला पोरं होतात."

"आपल्या एनडीपीएसमध्येही, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम ६४ए आहे," वकील म्हणाला. "व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला तर थोड्या मालासाठी खटला नाही."

"पण टाळ्या कोण वाजवतं?" सुन्या म्हणाला. "मी महिनाभर कोरडा राहिलो तेव्हा बापट म्हणाले होते, बघू किती दिवस टिकतंय."

बापटांनी चष्मा पुसायला घेतला.

"हेच बापट १९९९ च्या महाबळेश्वर ट्रिपचे तीनशे अजून देतायत," नंदूने वातावरण सावरलं. "त्यांना आधी ज्युरीच्या बाकावर बसवा!"

"हे घ्या! आजचा चहा माझा!" बापटांनी चिडून पाचशेची नोट आपटली.

सुन्याने टाळी वाजवली. मग आम्ही सगळ्यांनी. टपरीवरच्या पोऱ्यानेही किटली ठेवून वाजवली. बापट चक्क लाजले.

"उद्याचाही माझाच," बोलून गेले, आणि लगेच सुटे पैसे मोजायला लागले.