खुलासा : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही मूळ संख्या नाही

ही संख्या मूळ असल्याचं परवा मीच लिहिलं होतं आणि ते बरंच पुढे गेलंय. चूक माझी. संख्या म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. घातांक मूळ, म्हणून संख्याही मूळ, असं मी धरून चाललो. पण ११ हाही मूळ, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २३ × ८९ = २०४७!

फ्रेंच गणिती मर्सेननेही अशा मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या १६४४ च्या यादीत ६७ घातलाच होता. १८७६ मध्ये गणिती ल्युकासने ही संख्या मूळ नसल्याचं दाखवलं, तिचे अवयव मात्र १९०३ मध्ये गणिती कोलने दिले : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मी हा गुणाकार कागदावर करून पाहिला (साधा कॅल्क्युलेटर शेवटचे अंक गाळतो). जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका.